'डायमंड माइन'ला एवढी दाद का मिळाली, आणि जात्यावरच्या ओव्यांना तीच वाट चालेल का?

मोहोळचा_सूर विचारतात:

नमस्कार मंडळी. किंग क्रिओसोट आणि जॉन हॉपकिन्स यांचा 'डायमंड माइन' हा २०११चा अल्बम इथल्या बऱ्याच जणांच्या ऐकण्यात असेल. एक स्कॉटलंडच्या फाइफ किनाऱ्यावरचा गाणारा, दुसरा लंडनकडचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार. सात गाणी, सगळी मिळून जेमतेम बत्तीस मिनिटं. नाचवणारा ताल नाही, घोळवून म्हणावा असा मोठा मुखडा नाही. तरी त्या वर्षीच्या, ब्रिटन-आयर्लंडमधल्या अल्बमसाठीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या बारा नामांकनांत तो होता, आणि लोकसंगीतवाले आणि इलेक्ट्रॉनिकवाले दोन्हीकडचे समीक्षक त्याला मनापासून मानतात. असं सहसा होत नाही. एका बाजूला आवडलं की दुसरी बाजू नाक मुरडते.

विचारण्याचं कारण असं. मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यातल्या दोन आजी जात्यावरच्या ओव्या गातात. त्यांचा आवाज आणि त्याभोवती सिंथ (सिंथेसायझर), असा अर्ध्या तासाचा अल्बम करायचा आहे. सोबत सोलापूरचा म्हणून यंत्रमागाचा आवाजही घ्यायचा विचार आहे. साहित्य एवढंच: झूम एच५ रेकॉर्डर, एक मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माईक, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. चाचणीत तीन गोष्टी बिघडल्या:

ओवी मिनिटाला ९० ठोक्यांच्या क्लिकवर ओढून बसवली की तिचा जीव जातो. खाली हार्मोनियमसारखा पॅड, म्हणजे सिंथचा लांबवलेला सूर, धरला की आजी बेसूर वाटतात, एकट्या ऐकल्या तर अजिबात नाहीत. आणि मागाच्या शेडमधलं रेकॉर्डिंग म्हणजे नुसता फाटका खरखराट.

तर समीक्षकांनी त्या अल्बममध्ये नेमकं काय उचलून धरलं, आणि त्यातलं इथे काय घेता येईल? ओव्यांचा रीमिक्स होऊ द्यायचा नाही, एवढं पक्कं आहे.

---

किनारा_ऐकणारा:

आधी एक दुरुस्ती. 'डायमंड माइन'मधली गाणी पारंपरिक नाहीत. किंग क्रिओसोट म्हणजे केनी अँडरसन, आणि ती सगळी त्यांची स्वतःची रचना आहे. फाइफच्या ईस्ट न्यूक भागात क्रेल, अँस्ट्रदर, पिटनवीम अशी मासेमारीची छोटी गावं आहेत, त्या मातीतला हा माणूस. फेन्स रेकॉर्ड्स ही त्यांची छोटी कंपनी तिथलीच होती. वर्षानुवर्षं घरच्या घरी एकामागून एक अल्बम काढत राहिले, त्यांची संख्या चाळीसच्या वर जाते. हॉपकिन्सनी त्या ढिगातून जुनी गाणी निवडली आणि नव्याने गाऊन घेतली. हे काम सवडीसवडीने साधारण सात वर्षं चाललं होतं. म्हणजे गाणी मुरलेली होती. नवं होतं ते त्यांच्याभोवतीचं ऐकणं. तुमच्या ओव्या तर याहून कितीतरी जास्त मुरलेल्या आहेत, तेव्हा त्या 'ताज्या' करायच्या फंदात पडू नका.

आता दाद कशाला मिळाली ते. माझ्या मते पहिल्याच तुकड्यात सगळं ठरतं. 'फर्स्ट वॉच'मध्ये गाणं नाहीच. एक कॅफे आहे, कपबश्यांची किणकिण, लोकांचं आपसातलं बोलणं, आणि त्याच्या आतून हळूच पियानो वर येतो. इथे कानाला नियम समजतो, की या अल्बममध्ये आजूबाजूचा आवाज आणि वाद्य यांत भेद करायचा नाही. मग दुसऱ्या तुकड्यात, 'जॉन टेलर्स मंथ अवे'मध्ये, माणसाचा आवाज येतो तेव्हा तो त्या गावातूनच आल्यासारखा वाटतो. तेच गाणं पहिलं ठेवलं असतं तर 'मागे छान वातावरण लावलेलं गाणं' एवढंच झालं असतं. फरक क्रमाचा आहे.

दुसरी गोष्ट संयमाची. लोकगीत आणि संगणक यांचं लग्न लावायची टूम २००१च्या सुमारास जोरात होती, फोकट्रॉनिका म्हणायचे त्याला. गिटार, वर टिकटिक करणारे तुकडे, मधे कापाकापी. दहा वर्षांत लोक त्याला कंटाळले होते. हॉपकिन्सनी स्वतः तोवर ब्रायन इनोंबरोबर काम केलेलं होतं, मोठा आवाज करणं त्यांना जड नव्हतं, पण इथे हात आखडता घेतला. इलेक्ट्रॉनिक ताल सगळ्यात उघडपणे येतो तो पाचव्या 'बबल'मध्ये. तोवर कान इतका शांत झालेला असतो की लहानसा ठोकाही घटना वाटते. शेवटच्या 'युअर यंग व्हॉइस'मध्ये तर एकच कडवं पुन्हा पुन्हा येतं, बाकी जवळजवळ काही नाही.

तिसरी गोष्ट, तो तुकड्यातुकड्यांनी ऐकायचा अल्बम नाही. किनाऱ्यावरच्या गावातल्या आयुष्याचं थोडं रम्य केलेलं चित्र, असं त्या दोघांनीच त्याचं वर्णन केलं होतं. गाण्यांच्या मधल्या जागाही त्याच चित्राचा भाग आहेत. मर्क्युरी हा अख्ख्या अल्बमचा पुरस्कार आहे, परीक्षक मंडळ ठरवतं, खपावर नाही. त्या वर्षी तो पी. जे. हार्वी यांच्या 'लेट इंग्लंड शेक'ला गेला, पण अर्ध्या तासाचा एवढा हळू अल्बम त्या यादीत पोचला तो या एकसंधपणामुळे. पुढे २०१२मध्ये स्कॉटिश अल्बम ऑफ द इयर हा नवा पुरस्कार सुरू झाला, त्याचा पहिला मानही अशाच जोडीला मिळाला: बिल वेल्स आणि एडन मॉफट, अल्बम 'एव्हरीथिंग्ज गेटिंग ओल्डर'. जोडीचं काम चांगलं झालं की दोघांपैकी कुणाचं किती, हे ऐकताना शोधावंसं वाटत नाही.

तुमच्यासाठी एवढंच: पहिला तुकडा ओवीचा ठेवू नका. पहाटेच्या वाड्याचा ठेवा, दोन-अडीच मिनिटं. जातं सुरू होऊ द्या, आवाज दुसऱ्या तुकड्यात.

---

वाकळ_आणि_माईक:

वरचं सगळं मान्य. पण ते साधायचं तर मुळातलं रेकॉर्डिंग तसं हवं. नंतर लावलेला पक्ष्यांचा आवाज लगेच ओळखू येतो.

जात्यापासून सुरू करतो. पहिली चूक म्हणजे रिकामं जातं फिरवायला लावणं. दगडावर दगड घासतो, किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि जात्याची नासाडी होते ती वेगळीच. दोन किलो ज्वारी सोबत न्या. वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ, घातली की घरघर खाली उतरते, जाड होते. दाणे संपत आले की तीच घरघर वर चढते, पातळ होते, आणि बाईचा हात आपोआप पुढच्या मुठीकडे जातो. ओवी त्या चढउतारावर चाललेली असते. नीट ऐकलंत तर ओळ संपायची जागा आणि मूठ टाकायची जागा बऱ्याचदा एकच निघते. हे रेकॉर्डिंगमध्ये आलं पाहिजे, म्हणून एकेक ओवी तोडून घेऊ नका. अर्धा शेर दळून होईपर्यंत रेकॉर्डर चालू ठेवा. जात्याला नुकतीच टाकी लावली असेल तर आवाज जास्त करकरीत येतो. दहा-बारा दिवस वापरात गेलेलं जातं ऐकायला गोड.

माईकची जागा. दळताना डोकं वीतभर पुढेमागे हलतं. माईक तोंडाच्या अगदी जवळ धरला तर दर फेऱ्याला आवाज फुगतो आणि दबतो. ३५ ते ४० सेंटिमीटर अंतर ठेवा, तोंडापेक्षा जरा वर, हनुवटीकडे खाली बघणारा. समोर ठेवलात तर जात्याचा धस थेट आत जातो. हा कंडेन्सर एच५च्या एक नंबर इनपुटला, फँटम (कंडेन्सरला लागणारी वीज) ४८ व्होल्ट. रेकॉर्डरचा स्वतःचा एक्सवाय (स्टिरिओ) माईक जात्याच्या पलीकडच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर. एका माईकचं तोंडापासून जेवढं अंतर, त्याच्या किमान तिप्पट दुसऱ्याचं, म्हणजे इथे १०५ ते १२० सेंटिमीटर. त्याहून कमी झालं तर दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना आवाज पोकळ होतो, पिंपात बसल्यासारखा. शेणाने सारवलेली जमीन असो की शहाबादी फरशी, जात्याची थरथर तिच्यातून स्टँडमध्ये चढते. स्टँडच्या तिन्ही पायांखाली घडी घातलेली वाकळ ठेवा. फोमच्या कुठल्याही महागड्या तुकड्यापेक्षा ती जास्त काम करते.

बांगड्या काढायला सांगू नका. सांगितलं तर आजी काढणार नाहीतच, आणि त्यांचं मन गाण्यातून उडेल. बांगड्यांची किणकिण ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात टोचते. माईक खुंट्याच्या बाजूने काढून दुसऱ्या खांद्याकडे नेला की अर्धी कमी होते. उरली ती राहू द्या, 'फर्स्ट वॉच'मधल्या कपबश्यांची जागा हीच आहे.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. लो-कट (खालचे आवाज गाळणारा) फक्त कंडेन्सरला, ८० हर्ट्झ. एक्सवायला लावू नका, जात्याचं पोट तिथेच आहे. लिमिटर, कॉम्प्रेसर, ऑटो लेव्हल सगळं बंद.

वेळ पहाटेची. दळण मुळात पहाटेचंच, आणि पंखा बंद ठेवता येतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी नवानंतर बिनपंख्याचं कुणी बसू शकत नाही. थ्री फेज लाइट कधी येणार ते आधी विचारून घ्या. ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि ५० हर्ट्झची गुणगुण, तिच्यावर १०० आणि १५० अशा पायऱ्या, सगळ्या रेकॉर्डिंगखाली बसते. रेकॉर्डर चार्जरवर किंवा इन्व्हर्टरवर चालवू नका. सेलवरच चालवा, आणि फँटम चालू असताना सेल लवकर उतरतात, म्हणून दोन जोड्या खिशात असू द्या. शेवटी सगळे गप्प बसलेले असताना दोन मिनिटं नुसत्या खोलीचा आवाज घ्या. तुकडे जोडताना तोच गारा होतो.

---

काळी_चार:

बेसूर वाटण्याचं कारण आजी नाहीत, पॅड आहे. दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत, ते सुटे करा.

पहिला, षड्ज. समोर पेटी नसताना माणूस काळी चार किंवा पांढरी सहा बघून गात नाही. समजा, आजी काळी चारच्या ३० सेंट वर लागल्या आहेत (सेंट म्हणजे पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तुमचा सिंथ ४४० हर्ट्झच्या ए वर बांधलेला आहे, म्हणून सगळं रेटून लागतंय. आवाजाला हात लावू नका. सिंथचं मास्टर ट्यूनिंग ३० सेंट वर न्या, म्हणजे ए ४४७.७ हर्ट्झवर येईल. २० सेंट असतील तर ४४५.१. मोजायचं कसं? लांब धरलेले पाच-सहा 'सा' निवडा, ट्यूनरवर बघा, मधला आकडा घ्या. सुरुवातीचा सा आणि शेवटचा सा वेगळा निघेल. दळता दळता अंग तापतं, सूर हळूहळू चढतो. दहा मिनिटांत १५-२० सेंट चढणं अगदी साहजिक आहे. सिंथच्या ट्यूनिंगला रीपरमध्ये ऑटोमेशन लावा आणि त्यालाही तेवढंच हळूहळू चढवा. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण घासाघास थांबते.

दुसरा दोष गंधाराचा. पेटीचा, सिंथचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. मोकळ्या गळ्याचा गंधार ३८६च्या आसपास बसतो. हे १४ सेंट धावत्या सुरात चालून जातात, पण पॅड तिथेच अडून बसला आणि आजीही तिथेच थांबल्या की लगेच कानाला बोचतात. पंचमाचं तसं नाही, तिथे ७०२ आणि ७००, फरक दोनच सेंटचा. म्हणून पॅडमधून गंधार काढून टाका. सा आणि पा एवढंच धरा, फार तर वरचा सा. मेजर-मायनर कॉर्ड धरण्याचा मोह होईल, कारण त्याने लगेच 'सिनेमासारखं' वाटतं. तेच नको आहे. शिवाय बऱ्याच ओव्या चार-पाच सुरांतच फिरतात. खाली कॉर्ड बदलत गेलात तर ओवीला नसलेला अर्थ चिकटतो, साध्या माहेरच्या आठवणीचं रडगाणं होतं.

सूर सुधारणारं कुठलंही प्लगइन या आवाजावर नको. मींड आणि कणस्वर त्याला चूक वाटतात, तो त्या खरडून काढतो.

क्लिकचं आता. ओवीला ताल आहे, पण तो जात्याच्या फेऱ्याचा आहे, घड्याळाचा नाही. रीपरमध्ये आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये आयटमचा टाइमबेस (तुकडा घड्याळाला बांधायचा की ठोक्यांना, ते) 'टाइम'वर करा. 'बीट्स'वर राहिला तर टेम्पो बदलला की रेकॉर्डिंगच सरकतं किंवा ताणलं जातं. बहुतेक तुमच्या चाचणीत हेच झालं असणार. मग एक्सवायच्या ट्रॅकवर दर फेऱ्याला धस दिसतो, तिथे तिथे टेम्पो मार्कर टाका. फेरा १.६ सेकंदांचा असेल आणि त्याचे दोन ठोके धरले तर टेम्पो ७५, एक ठोका ८०० मिलिसेकंद. पुढचा फेरा १.७ सेकंदांचा निघाला तर ७०.६. कंटाळवाणं काम आहे, दहा मिनिटांच्या दळणाला पावणेचारशे मार्कर लागतात, पण एकदा केलं की सिंथ, डिले, सगळं आजींच्या मागून चालतं. डिले मिलिसेकंदांत न लिहिता ठोक्यांत लिहा, म्हणजे तोही नकाशाप्रमाणे ताणला आणि आखडला जाईल.

ओवी गाताना पहिली ओळ परत येते, मधे 'गं बाई' अशी भर असते. लांबी कमी करायला ते कापू नका. श्वास तिथे घेतला जातो.

मिक्स करताना पॅडमध्ये १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल कमी करा, शब्द तिथे असतात. आवाज आला की पॅड २-३ डेसिबल खाली बसेल असा साइडचेन लावा. अटॅक (खाली बसायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, रिलीज (परत वर यायला लागणारा) ४०० किंवा जास्त. रिलीज लहान ठेवलात तर पॅड धापा टाकतो. रिव्हर्बला (घुमण्याला) ४०-५० मिलिसेकंद प्रीडिले, म्हणजे तेवढ्या उशिराने सुरुवात, आणि रिव्हर्बच्या परतीत २५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, नाहीतर जात्याची घरघर देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यासारखी होते. वाडा वाड्यासारखाच ऐकू आला पाहिजे. शेवटची पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप), ट्रू पीक (सगळ्यात उंच शिखर) उणे १. स्ट्रीमिंगवाले उणे १४च्या आसपास आणतात म्हणून तिथवर दाबायची गरज नाही.

---

मोहोळचा_सूर:

टाइमबेस 'बीट्स'वरच होता. 'टाइम'वर नेल्यावर पहिली ओवी जागच्या जागी आली. काळी_चार, फार उपकार झाले. मागाच्या आवाजाचं मात्र कुणीच काही बोललं नाही, ते सांगा की.

---

पूर्वभाग:

मागाचं मी सांगतो, पण आधी एक विचारतो: ओव्यांच्या अल्बममध्ये माग का? 'डायमंड माइन'मधला कॅफे त्याच गावचा आहे ज्या गावची ती गाणी आहेत. मोहोळकडच्या आजींच्या वाड्यात माग नाही. तिथे पत्र्यावरच्या चिमण्या आहेत, गोठ्यातली साखळी आहे, लांबून जाणारी एसटी आहे. माग आहे तो सोलापूरच्या पूर्व भागात, आणि तिथली गाणी वेगळी. तेलुगू बोलणारी विणकर घरं, विड्या वळणाऱ्या बाया, बतुकम्मा या तेलंगणातल्या फुलांच्या सणाची गाणी. सोलापूर म्हटलं की चादर आणि चादर म्हटलं की माग, ही जाहिरातीची साखळी झाली. माग घ्यायचाच असेल तर त्याला त्याचा स्वतःचा तुकडा द्या, पूर्व भागातल्या एखाद्या आवाजासकट. ओवीखाली ताल म्हणून लावू नका. किनारा_ऐकणारा म्हणतात तो एकसंधपणा पहिल्यांदा इथेच फाटतो.

तरीही घ्यायचा ठरला तर पूर्ण चालू शेड रेकॉर्ड करू नका. सगळे माग एकत्र म्हणजे ९५-१०० डेसिबलचा सपाट गोंगाट, त्यात ना धोटा (आडवा धागा नेणारा) ऐकू येतो ना फणी (तो धागा ठोकणारी). पाळी सुरू व्हायच्या आधी मालकांना विचारून एकच माग चालू करून घ्या. आधी मोटारीची घुर्र, मग पट्टा ताण घेतो, मग पहिला धोटा आपटतो आणि दोन-तीन ठोक्यांत लय लागते. थांबवतानाही घ्या, शेवटचे दोन ठोके अडखळतात ते फार सुंदर असतं. जकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या) मागाला वरच्या हूकांचा वेगळा चटचट आवाज असतो, त्यासाठी एक्सवाय उंचावर, मागाच्या डोक्याकडे तोंड करून.

तुमचा आवाज फाटला तो बहुधा कंडेन्सरचा. एच५च्या इनपुटला उणे २० डेसिबलचा पॅड आहे (हा सिंथचा नव्हे, आत येणारा आवाज कमी करणारा), तो चालू करा, गेन जवळजवळ शून्यावर. एक्सवाय मोठा आवाज सोसतो, त्यालाही गेन अगदी कमी, अंतर तीन मीटर. कानात बोळे घाला. केबल पट्ट्यापासून लांब, जमिनीला चिकटपट्टीने बसवलेली. सैल केबल पट्ट्यात गेली तर नुसता रेकॉर्डर जाणार नाही, हात जाऊ शकतो.

---

जुनी_टेप:

तंत्राचं झालं. 'डायमंड माइन'शेजारी ठेवून ऐकावा असा दुसरा स्कॉटिश अल्बम सांगतो, कारण तुमचं काम खरं तर त्याच्या जास्त जवळ आहे: मार्टिन बेनेट यांचा 'ग्रिट', २००३, कंपनी रिअल वर्ल्ड. बेनेट पाइप आणि फिडल दोन्ही वाजवायचे, पण आजारपणाने वाद्य हाती धरता येईना. तेव्हा त्यांनी जुन्या ध्वनिमुद्रणांतले आवाज घेतले. शीला स्टुअर्ट, लिझी हिगिन्स अशा भटक्या समाजातल्या गायिकांचे, कुठल्याही साथीशिवाय गायलेले. भोवती जोरदार इलेक्ट्रॉनिक ताल बांधला. २००५ साली, वयाच्या ३३व्या वर्षी ते गेले. २०१५ साली ग्लासगोच्या सेल्टिक कनेक्शन्स महोत्सवात ग्रेग लॉसन यांनी हाच अल्बम मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधून सादर केला. सांगायचं कारण असं की ताल जोरात असला म्हणजे रीमिक्सच होतो असं नाही. 'ग्रिट'मध्ये ठोका कितीही मोठा असला तरी वळण गायिकेच्या श्वासावर येतं.

तिकडे असे आवाज सापडतात कारण एडिनबरा विद्यापीठात १९५१पासून स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज गावोगावचं गाणं रेकॉर्ड करून जपत आलं. आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता, वाचता येतात. रेकॉर्डिंगला जाण्याआधी आठवडाभर ते ऐका. आजींची कुठली ओवी सगळीकडची आहे आणि कुठली त्यांच्या घरचीच, ते ओळखायला येईल. घरची ओवी अल्बमच्या मध्यावर ठेवा. तिथले आवाज मात्र परवानगीशिवाय उचलू नका.

परवानगीवरून. ओवी कुणा एकाची नाही, पण गाणं त्या आजींचं आहे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात कलम ३८ सादर करणाऱ्याला ५० वर्षांचा हक्क देतं, आणि ३८ब प्रमाणे तिचं नाव लावून घेण्याचाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी एका पानावर साध्या मराठीत लिहा: काय रेकॉर्ड होणार, त्यावर काय चढणार, कुठे ऐकवलं जाणार, पैसे आले तर किती वाटा. मोठ्याने वाचून दाखवा, घरातलं कुणीतरी शेजारी असू द्या, एक प्रत त्यांच्याकडे. वाचून दाखवल्याचंही रेकॉर्डिंग ठेवा. मुखपृष्ठावर त्यांची नावं तुमच्या नावाच्या बरोबरीने, त्याच आकारात. 'डायमंड माइन'वर दोन नावं शेजारी शेजारी आहेत, 'साथीला अमुक' असं नाही. वाटा निम्मा-निम्मा असावा असं माझं मत आहे, आणि रेकॉर्डिंगच्या दिवसाचं मानधन त्या दिवशीच रोख, वाट्यातून वजा न करता.

मिक्स झाला की हेडफोन लावून निवांत ऐकायच्या आधी तो घेऊन मोहोळला जा आणि आजींना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवा. त्या स्पीकरवर पॅडचा खालचा भाग जातोच, उरतात ते शब्द. एखाद्या ओळीला त्यांनी 'काय म्हणले मी इथं?' असं विचारलं, तर त्या ओळीखालचा पॅड आणखी ३ डेसिबल उतरवा आणि पुन्हा ऐकवा.